अंगणात काँक्रीट ओतण्याआधी एक बादली पाणी

घराचं नूतनीकरण आणि अंगणातलं काँक्रीट दोन्ही करायचं असेल, तर अंगण शेवटी घ्या. आधी केलंत तर राडारोडा, वाळूच्या गाड्या आणि नव्या नळासाठीची तोडफोड, सगळं त्याच नव्या कोऱ्या कोब्यावर येतं.

खरी गोम उताराची. पाणी भिंतीपासून लांब गेलं पाहिजे, म्हणून दर मीटरला साधारण 2 सेंमी उतार ठेवा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका; दोरी बांधून लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा. खालची भर थराथराने पाणी मारून, चोपून घट्ट केली, की तिच्यावर बादलीभर पाणी ओता. ते भिंतीकडे वळलं, तर चूक आत्ताच फुकटात सुधारते. नंतर काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावावा लागतो, आणि तो आवाज शेजारीही विसरत नाहीत.

काँक्रीटला तडा जाणारच; तो कुठे जावा एवढंच आपल्या हातात असतं. 10 सेंमी जाडीच्या थराला दर अडीच-तीन मीटरवर जाडीच्या पाव भाग खोल सांधा, म्हणजे मुद्दाम पाडलेली सरळ खाच, द्या. भिंतीला लागून थर्माकोलची पट्टी ठेवा. भविष्यातल्या दिव्याच्या वायरीसाठी एक रिकामा पीव्हीसी पाइप खालून टाकून ठेवा, दोन्ही तोंडं बंद करून.

पृष्ठभाग गुळगुळीत घोटू नका, पावसात पाय घसरतो. ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा. मग वर गोणपाट पसरून ते किमान 7 दिवस ओलं ठेवा.