दहावीचं इंग्रजी व्याकरण: दरवर्षी त्याच चुका, या वर्षी तरी टाळा

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, हे आता नेहमीचंच झालंय. २०२५ ला आपल्या विभागाचा निकाल ९८.८२ टक्के आणि राज्याचा ९४.१० टक्के. पेढे वाटले गेले, शाळेच्या गेटावर बॅनर लागले. सगळं छान. पण मालवण-देवगड पट्ट्यातल्या मुलांच्या सराव परीक्षेच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना माझं लाल पेन दरवर्षी त्याच ठिकाणी अडकतं. पास सगळेच होतात. व्याकरणाचे आणि शब्दसंपत्तीचे हातात आलेले गुण मात्र मुलं टाकून येतात, आणि तेही कठीण प्रश्नांत नव्हे.

लेखी पेपर ८० गुणांचा. पहिला प्रश्नच भाषाभ्यासाचा, १० गुणांचा. त्यानंतर प्रत्येक उताऱ्याखाली पुन्हा शब्दांचा एक आणि व्याकरणाचा एक उपप्रश्न, आणि शेवटी ५ गुणांचं भाषांतर. यातलं काहीही पाठांतराने येत नाही आणि काहीही हुशारीवर अडत नाही. लागते ती सवय. तीच कोणाला नको असते. सगळ्यांना हवी असते ट्रिक.

ट्रिकवर पॅसिव्ह

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून आधी तीच.

एक मुलगा होता. गणितात तल्लख, डोकं चांगलं. डिसेंबरपर्यंत इंग्रजीच्या वाटेला गेला नाही आणि मग मोबाइलवर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ बघून आला. ट्रिक अशी: कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा, मध्ये ‘बाय’ घाला, क्रियापदाचं तिसरं रूप लिहा, झाला पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी प्रयोग. आणि उलट ओळखायचं असेल तर ‘बाय’ दिसला की पॅसिव्ह.

माझ्या सराव पेपरात ज्यांचा पॅसिव्ह होतच नाही अशी वाक्यं मी मुद्दाम घालते आणि वर स्पष्ट लिहिते: ज्यांचा होतो त्यांचाच करा. या पठ्ठ्याने एकही सोडलं नाही. ‘माय अंकल गोज टू मुंबई’ याचं त्याने केलं ‘मुंबई इज गॉन बाय माय अंकल’. ‘द बोट अराइव्ड ॲट नून’ याचं ‘नून वॉज अराइव्ड बाय द बोट’. आणि ‘ही सॅट बाय द डोअर’ यापुढे ठळक अक्षरांत शेरा: ऑलरेडी पॅसिव्ह.

पेपर हातात पडल्यावर मलाच विचारतो, “बाई, ट्रिकीप्रमाणाच केलंय मां?”

त्याला म्हटलं, “काका मुंबईला जातो. आता हेच मराठीत उलटं करून सांग.” तो सुरू झाला, “मुंबई काकाकडून...” आणि थांबला. मागच्या बाकावरून कोणीतरी “गेली जाते” म्हणालं आणि सगळा वर्ग हसला. तो हसला नाही, कारण तेवढ्यात त्याला कळलं होतं.

यावर माझी सवय सांगते. वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि त्याला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारा. ‘विकते.’ काय? मासे. उत्तर मिळालं, म्हणजे कर्म आहे, पुढे जा. ‘जातो.’ काय? उत्तर नाही. ‘कुठे?’चं उत्तर मिळतं, पण ते कर्म नव्हे. मग हात लावू नका. ‘अंकल हॅज अ बोट’ असलं वाक्य इथे फसवतं. ‘काय?’चं उत्तर मिळतं, पण मालकीच्या ‘हॅज’चा पॅसिव्ह करत नाहीत. हा अपवाद लक्षातच ठेवायचा.

कर्म सापडलं की पानाच्या समासात काळ लिहा. पेन्सिलीने, दोन शब्दांत. निम्म्या मुलांचं इथेच घसरतं: ‘सोल्ड’ बरोबर लिहितात आणि त्याच्या आधीचं ‘इज’, ‘वॉज’ किंवा ‘हॅज बीन’ गाळतात, नाहीतर अंदाजाने काहीतरी टाकतात. ‘शी इज सेलिंग फिश’ असेल तर ‘फिश इज बीइंग सोल्ड’. त्या ‘बीइंग’ला एवढं घाबरायचं काय कारण आहे, हे मला कधीच कळलेलं नाही.

बाय द वे, तोच मुलगा पुढच्या आठवड्यात इनडायरेक्ट स्पीचची, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगण्याची, ट्रिक घेऊन हजर होता.

इनडायरेक्टमध्ये प्रश्न प्रश्नच ठेवणे

‘ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग.’ चूक. ‘व्हेअर आय वॉज गोइंग’ पाहिजे. दुसऱ्याच्या वाक्यात घातल्यावर तो प्रश्न राहत नाही, साधं विधान होतं, म्हणून कर्ता पुढे आणि ‘वॉज’ मागे. प्रश्नचिन्हही जातं. आणि सूर्य पूर्वेला उगवतो असली कायमची सत्यं भूतकाळात ढकलायची गरज नाही, कितीही ‘सेड’ पुढे असला तरी.

प्रत्येक वाक्यामागे ‘इजन्ट इट?’

आपल्या मालवणीत एक ‘मां’, म्हणजे ‘ना’, सगळीकडे चालतो. तू उद्या येतलंस मां? आवशीन भात केल्यान मां? तेका पोवाक येणा नाय मां? वाक्य कुठल्याही काळातलं असो, होकारी असो की नकारी, शेपूट एकच. त्यामुळे मुलं इंग्रजीतही एकच शेपूट, म्हणजे क्वेश्चन टॅग, शोधतात आणि ‘इजन्ट इट’ पकडून बसतात.

इंग्रजीत शेपूट वाक्यातूनच निघतं. वाक्यात ‘कॅन’ असेल तर शेपटात ‘कान्ट’. ‘विल’ असेल तर ‘वोन्ट’. काहीच मदतनीस क्रियापद नसेल तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ बोलवायचा. वाक्य होकारी तर शेपूट नकारी, वाक्य नकारी तर शेपूट होकारी. इथवर सगळ्यांना येतं. गुण जातात ते पुढच्या चार ठिकाणी. ‘हार्डली’, ‘नेव्हर’, ‘सेल्डम’ हे दिसायला नकारी नसले तरी वाक्य नकारीच करतात, म्हणून ‘ही हार्डली स्पीक्स’ला ‘डझ ही?’. ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी?’. ‘आय ॲम लेट’ला ‘आरन्ट आय?’, कानाला विचित्र वाटलं तरी. आणि ‘एव्हरीबडी’ किंवा ‘नोबडी’ कर्ता असेल तर शेपटात ‘दे’.

माझ्याकडची मुलं दिवसभरात घरात मालवणीत बोललेली पाच ‘मां’वाली वाक्यं वहीत उतरवतात आणि इंग्रजी शेपूट लावून आणतात. कंटाळा करतात, पण आणतात.

‘अनलेस’नंतर ‘नॉट’

‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल.’ नको तो ‘डोन्ट’. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे. मराठीत आपण “अभ्यास केला नाहीस तर” म्हणतो, त्या ‘नाहीस’ला इंग्रजीत वेगळी जागा शोधू नका.

‘टू’ काढताना शेवटचा शब्द विसरणे

‘द टी इज टू हॉट फॉर मी टू ड्रिंक’ यातला पहिला ‘टू’ (too) काढायला सांगितला की मुलं ‘सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक’ इथे थांबतात. शेवटी ‘इट’ हवा. पहिल्या वाक्यात तो लपलेला असतो, दुसऱ्यात बाहेर यावा लागतो. ‘इज’ला ‘कॅनॉट’, ‘वॉज’ला ‘कुड नॉट’.

‘नो सूनर डिड’ नंतर क्रियापद मूळ रूपातच येतं. ‘डिड ही रीच्ड’ नाही. मधे ‘दॅन’ येतो, ‘व्हेन’ नाही. प्रश्न तयार करतानाही हेच: ‘व्हेन डिड द बस केम’ असं लिहिलेलं दिसलं की मी पेपर बाजूला ठेवून पाणी पिऊन येते.

शब्दांच्या याद्या

आता माझा दुसरा लाडका विषय. गाइडच्या मागे यादी असते, क्लासवाले यादी वाटतात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरतात. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला एक मराठी शब्द. मुलं ती ‘ए’पासून सुरू करतात, दिवाळीत उत्साह असतो, आणि ‘सी’ येईपर्यंत जानेवारीची पूर्वपरीक्षा डोक्यावर येते. म्हणून किनारपट्टीवरच्या बहुतेक मुलांना ‘एबंडन’ येतो आणि ‘विलिंग’ येत नाही.

‘एबंडन’चीच गोष्ट. एका हुशार, मेहनती मुलीने मैत्रिणीला पत्र लिहिलं, आपल्या दिनक्रमावर. अक्षर मोत्यासारखं, स्पेलिंग अचूक. मधेच एक वाक्य: ‘माय फादर एबंडन्स मी ॲट द एसटी स्टँड एव्हरी मॉर्निंग.’

यादीत लिहिलं होतं, एबंडन म्हणजे सोडणे. बाबा रोज सकाळी स्टँडवर सोडतात, मग चुकलं काय? तिचे वडील बिचारे पहाटे होडीवरून येतात, मासे उतरवून देतात, आंघोळ करून मुलीला स्कूटरवरून सात किलोमीटर आणतात आणि बस सुटेपर्यंत उभे राहतात. पत्रात मात्र ते रोज सकाळी पोटच्या पोरीला वाऱ्यावर सोडून जात होते.

मराठीतला ‘सोडणे’ किती कामं करतो ते बघा. माणूस स्टँडवर सोडतो, नोकरी सोडतो, गाय सोडतो, पेपरातला प्रश्न सोडतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो: ड्रॉप, लीव्ह किंवा क्विट, अनटाय, स्किप. एका शब्दापुढे एक अर्थ अशी यादी पाठ करणं म्हणजे जाळं विणून पडवीत टांगून ठेवणं. दिसायला छान, पण त्यात काही सापडत नाही.

मी याद्या वर्गात आणू देत नाही. त्याऐवजी जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं चार तुकड्यांत फाडायची. एका तुकड्यावर एक शब्द, पण शब्द एकटा नाही, पाठ्यपुस्तकातल्या ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य. खाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य. त्याच्या सोबत नेहमी कोण येतं तेही: ‘मेक अ मिस्टेक’, ‘डू होमवर्क’, ‘टेक केअर’. शब्दाचं कुटुंब एका ओळीत: डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह. उपसर्ग आणि प्रत्ययांचा प्रश्न एवढ्यात सुटतो. रोज तीन तुकडे पुरतात. ‘रोज तीस करीन’ म्हणणारे चौथ्या दिवशी दिसत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

स्पेलिंगसाठी एकच उपाय मला माहीत आहे: कोणीतरी शब्द वाचायचा, तुम्ही लिहायचा. घरात इंग्रजी येणारं कोणी नसेल तर बसमधल्या मित्राला सांगा. बघून दहा वेळा लिहिल्याने हाताला व्यायाम होतो, स्पेलिंग येत नाही.

छोट्या चुका, पण गुण तेवढेच

आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’) अक्षर बघून लावू नका, उच्चार ऐका. ‘ॲन अवर’, ‘अ युनिफॉर्म’, ‘ॲन एमएलए’.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ एक नाहीत. पहिला जवळपास नाहीच म्हणतो, दुसरा थोडे आहेत म्हणतो.

वर्णक्रम लावताना पहिली दोन-तीन अक्षरं सारखी असलेले शब्द मुद्दाम दिलेले असतात. प्रत्येक शब्दाच्या चौथ्या अक्षरापर्यंत बोट न्या.

दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून शब्द करताना, जे अक्षर मूळ शब्दात एकदाच आहे ते दोनदा वापरलं की शब्द गेला.

शब्दसाखळी (आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द) नामांची मागितली असेल तर क्रियापद चालत नाही. सूचना वाचा. वाचाच.

विरामचिन्हांत गावांची आणि माणसांची नावं लहान अक्षरांत ठेवून मुलं स्वल्पविराम शोधत बसतात. आधी कॅपिटल अक्षरं पुरी करा.

म्हणींचं शब्दशः भाषांतर करू नका. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक मच नॉइज’ला ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ आहे. ‘रिकामी टोपं लय वाजतत’ वाचून मला मजा येते, तपासणाऱ्याला येईलच असं नाही.

शिमग्याचं कारण

परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि शिमगाही त्याच सुमारास येतो. देवाची पालखी दारात येणार, ढोल वाजणार, मुंबईचे चाकरमानी घरात असणार. हे दरवर्षी होतं, त्यामुळे पालकांनी मार्चमध्ये येऊन “बाई, घरात अभ्यासच होईना” असं सांगू नये. व्याकरण जानेवारीअखेर संपवा. शेवटच्या आठवड्यात नवीन नियम शिकायला येणाऱ्यांना मी परत पाठवते. त्या आठवड्यात फक्त स्वतःच्या चुकलेल्या उत्तरांची वही वाचायची. ती वही नसेल तर आजपासून करा: डावीकडे चुकलेलं वाक्य, उजवीकडे बरोबर, खाली का चुकलं ते मराठीत एका ओळीत.

आणि मंडळ शेवटी देतं ती जादा १० मिनिटं. बहुतेक मुलं त्यात पट्टी-पेन्सिल काढून उत्तरांखाली रेघा मारत बसतात. त्यापेक्षा पहिला प्रश्न आणि व्याकरणाचे उपप्रश्न पुन्हा काढा. ‘ही’, ‘शी’, ‘इट’नंतरच्या क्रियापदाला ‘एस’ लागला का, ‘डिड’च्या मागे भूतकाळी रूप तर नाही ना, प्रश्नापुढे प्रश्नचिन्ह आहे का, एवढं बघा आणि मग पेपर द्या.