‘माहिती गोपनीय आहे’ असे उत्तर आल्यास अपील कसे करावे

माहिती अधिकाराच्या अर्जावर ‘गोपनीय असल्याने देता येत नाही’ एवढेच एका ओळीचे उत्तर आले, तर प्रथम त्यात कलमाचा उल्लेख आणि कारण आहे का ते पाहावे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७(८) नुसार नकाराची कारणे आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चा नुसता हवाला पुरेसा नाही, कारण कलम २२ नुसार विसंगती असेल तेथे माहितीचा कायदाच वरचढ ठरतो.

‘तपास सुरू आहे’ हे तर अनेक कार्यालयांचे आवडते उत्तर. माहिती दिल्याने तपासात नेमका कोणता अडथळा येईल, हे दाखवण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे नकार देणाऱ्यावरच असते, हे अपिलात स्पष्ट लिहावे. धरणाच्या सुरक्षेचा नकाशा खरोखरच रोखण्याजोगा असू शकतो. पण त्याच फाइलमधील ठेकेदाराची देयके आणि मोजमाप पुस्तिका रोखण्याचे कारण सहसा नसते. म्हणून कलम १० नुसार संवेदनशील भाग वगळून उरलेली पाने मागावीत आणि कलम ८(२) खाली (जनहित मोठे असेल तर रोखण्याजोगी माहितीही देता येते) जनहित कोणते, ते मोघम शब्दांत न सांगता नेमके मांडावे.

पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. महाराष्ट्रात दोन्हींवर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.