भाषणानंतरचा आठवडा

भाषण संपतं, टाळ्या होतात, घोषणा होतात आणि सोमवारी सगळं जिथल्या तिथे. दोष भाषणाचाच असतो असं नाही. पुढच्या आठवड्यात करायला काही ठेवलेलंच नसतं. तरुणांना देशासाठी काही मोठं करायला उद्युक्त करायचं असेल, तर आखणी उलटी करा. आधी काम, मग स्वप्न.

गट 10 ते 12 जणांचा, वय साधारण 15 ते 20. गट वाढला की मागचे चार-पाच जण नुसते प्रेक्षक होतात. पहिली बैठक 90 मिनिटांची, सगळे गोल बसलेले. व्यासपीठ नको, हारतुरे तर नकोतच. प्रत्येकाला तीन कोऱ्या चिठ्ठ्या द्या आणि आपल्या भागात रोज डोळ्यांना खुपणारी एकेक गोष्ट त्यांवर लिहायला सांगा. वेळ 7 मिनिटं, आणि तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. बोलायची मुभा दिली की धीट असतो तो पहिलं वाक्य टाकतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. ‘भ्रष्टाचार’, ‘बेकारी’ अशा चिठ्ठ्या येणारच. त्या बाजूला टाकू नका. ‘यातलं तू स्वतः पाहिलेलं एक उदाहरण सांग’ एवढंच विचारा. अर्ध्या चिठ्ठ्या तिथेच नेमक्या होतात.

आता एकच विषय निवडायचा. त्याला तीन चाळण्या लावा: तो मोजता येतो का, अर्ध्या तासात तिथे पोहोचता येतं का, आणि महिन्याभरात थोडा तरी फरक दिसेल का. तिन्हींतून उतरला नाही तर विषय कितीही उदात्त असो, सोडून द्या.

समजा, सार्वजनिक नळांची गळती निवडली. लगेच निवेदन घेऊन धावायचं नाही. पहिला आठवडा फक्त मोजायचं. नळाखाली 10 मिनिटं भांडं ठेवा, साठलेलं पाणी मापाने मोजा आणि 144 ने गुणा. तो दिवसाचा आकडा. 30 मिलिलिटर म्हणजे दिवसाला 4.3 लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. हे साधारण सेकंदाला एक थेंब पडणाऱ्या नळाचं गणित. एकदाच मोजून थांबू नका. पाण्याचा दाब दिवसभर सारखा नसतो, म्हणून सकाळ, दुपार, रात्र अशी तीनदा नोंद घ्या. नाहीतर ‘कधी मोजलंत?’ या पहिल्याच प्रश्नाला मुलं गडबडतात.

स्वप्न मोठं करायची वेळ आकडा हातात आल्यावर येते. एका नळाचं पाणी शंभर नळांचं करून दाखवा आणि विचारा: हे कायमचं थांबवायला कोणकोणती माणसं लागतील? प्लंबर, जलवाहिन्यांची रचना करणारा अभियंता, अंदाजपत्रक वाचता येणारा लोकप्रतिनिधी, स्वस्त मापक बनवणारी उद्योजक. ‘यातलं मी काय होऊ?’ हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांचे मृत्यू आधी नीट मोजले आणि मग गावातल्याच बायकांना घरोघरी बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत काम झालं, 47 गावं तुलनेला होती. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे ही पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्तींच्या कामात आली. पल्ला कुठवर जातो ते यातून दाखवता येतं.

पाहुणा बोलवायचा तर नामवंत शोधू नका. याच मुलांसारख्या घरातून आलेली, त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी पुढे गेलेली व्यक्ती जास्त उपयोगी पडते. ‘आपल्यासारख्याला जमलं’ हे पाहिल्याने स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास वाढतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी मांडलं. आणि त्याहून मोठा आधार स्वतः तडीस नेलेल्या कामाचा, हेही त्यांचंच म्हणणं.

निव्वळ गोड कल्पना मात्र घात करते. यश डोळ्यांपुढे रंगवत बसलं की प्रत्यक्ष हालचाल मंदावते, हे मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून 3 मिनिटं यशाचं चित्र, लगेच पुढची 3 मिनिटं स्वतःतला अडसर (आळस, संकोच, मोबाइल) आणि शेवटी लेखी ‘जर-तर’: ‘रविवारी कंटाळा आला, तर आधी गटातल्या जोडीदाराला फोन करीन.’ ‘मी प्रयत्न करीन’ असलं वाक्य परत करा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हजेरी गळते. बहुधा एकच जण सगळं ओढत असतो किंवा मोठ्यांनी सूत्रं हातात घेतलेली असतात. कामं जोडीने वाटा, दर आठवड्याला फिरवा. फोटो काम झाल्यावरच. आधी फोटो निघाला की काम तिथेच संपतं!

अपयश आलं तर समजूत घालत बसू नका, कारण शोधायला लावा. 10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 हे उपग्रह सोडणारं भारतीय रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप गळून त्या यंत्रणेला लागणारं आम्ल वाहून गेलं होतं. कारण इतकं नेमकं सापडलं, आणि 18 जुलै 1980 ला एसएलव्ही-3 नेच रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. गटाच्या वहीतही ‘लोकांनी साथ दिली नाही’ चालणार नाही. कोणाकडे गेलात, कितीदा, कोणत्या वेळी, काय मागितलंत, हे लिहा. तीच वही पुढच्या तुकडीला पहिल्या बैठकीत वाचायला द्यायची असते.