एक फोन, दोन ब्राउझर

वावरात एक काडी रेंज आणि घरी दोन, अशा ठिकाणी एकाच ब्राउझरकडून, म्हणजे संकेतस्थळं उघडायच्या ॲपकडून, सगळी कामं होत नाहीत. दोन ठेवा. बातम्या, बाजारभाव, हवामान वाचायला ऑपेरा मिनी, आणि सरकारी संकेतस्थळं, बँक, फॉर्म यांच्यासाठी क्रोम किंवा फायरफॉक्स. कामांची ही वाटणी मोडली की बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

ऑपेरा मिनीच्या डेटा बचतीच्या सेटिंगमध्ये 'एक्स्ट्रीम' नावाचा प्रकार आहे. यात पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडतं, तिथं दाबून लहान होतं आणि मग फोनवर येतं. धारणी-चिखलदऱ्याकडच्या मंद नेटवरही पान उघडतं ते त्यामुळेच. पण मजकूर त्यांच्या सर्व्हरवरून जातो, म्हणून या प्रकारात बँकेचं काम किंवा आधार क्रमांक टाकायचं काम कधीच करू नका. ओटीपी आणि कॅप्चाची (चित्रातली अक्षरं ओळखून टाकायची) पानंही इथं अर्ध्यात अडकतात. तो दोष नेटचा नसतो. क्रोमची स्वतःची डेटा बचतीची 'लाइट मोड' सोय २०२२ मध्येच बंद झाली, ती शोधत बसू नका.

आता सातबारा. क्रोममध्ये पत्ता स्वतः टाइप करा: भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. शेवट 'गव्ह डॉट इन' आहे ना, एवढं बघा. शोधात वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. विभाग निवडताना अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि अमरावती या जिल्ह्यांसाठी अमरावती. विदर्भातल्या बाकी सहा जिल्ह्यांसाठी नागपूर. पुढं जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. शेवटचं बटण दाबूनही काहीच दिसलं नाही, तर बहुधा ब्राउझरने नवी खिडकी अडवलेली असते. 'पॉप-अप ब्लॉक केला' अशी पट्टी येते, तिच्यावरून परवानगी द्या. पट्टी निघून गेली असेल तर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग, साइट सेटिंग, पॉप-अप, आणि तिथं फक्त याच संकेतस्थळाला मुभा. सगळ्यांना मुभा दिली की जाहिरातींचा पूर येतो. मोफत दिसणारा उतारा फक्त माहितीपुरता असतो. कार्यालयात चालणारा, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना वेगळ्या पोर्टलवर मिळतो. फॉर्म भरताना मागं जायचं बटण आणि रिफ्रेश दोन्ही टाळा, नाहीतर पहिल्यापासून भरावं लागतं.

'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा प्रत्येक संकेतस्थळावर येत असेल तर आधी फोनची तारीख बघा. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझरला ते कालबाह्य वाटतं. तारीख-वेळ 'स्वयंचलित' करा. एकाच संकेतस्थळावर इशारा येत असेल तर मात्र पुढं जाऊ नका.

'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असे निरोप येतात, ते बहुतेकदा व्हायरसचे नसतातच. कोणत्यातरी पानाने 'सूचना पाठवू का' विचारलं आणि घाईत 'हो' दाबलं गेलं, एवढंच. साइट सेटिंगमधल्या सूचनांच्या यादीतून अनोळखी नावं बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान'च्या नावानं आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) मात्र खरंच घातक असते; ती उतरवूच नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

जाहिरातींनी डेटा खाऊ नये असं वाटत असेल तर फायरफॉक्स घ्या. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं पूरक (ब्राउझरला जोडायची जादा सोय) बसवता येतं. फोनवरच्या क्रोममध्ये तशी सोय नाही. मात्र एखाद्या सरकारी फॉर्मचं बटण हललं नाही, तर त्या संकेतस्थळापुरतं ते पूरक बंद करून बघा.

फोन जड झाला तर जुने टॅब बंद करा आणि फक्त 'कॅशे', म्हणजे ब्राउझरनं साठवलेले पानांचे तुकडे, पुसा. सोबत पासवर्डवर खूण राहिली की तेही जातात. अँड्रॉइड ९ किंवा त्याहून जुना फोन असेल तर क्रोमला १३८ नंतरची आवृत्ती मिळत नाही. अशा फोनवर बँकेचं काम थांबवलेलंच बरं.

सेवा केंद्रातल्या संगणकावर खातं उघडायचं झालं तर 'इन्कॉग्निटो' खिडकी (बंद केल्यावर इतिहास न ठेवणारी) मागा. 'पासवर्ड जतन करू का' ला 'नाही' म्हणा, आणि उठण्याआधी ती खिडकी बंद करा. उतरवलेली पीडीएफ मात्र खिडकी बंद केल्यानं जात नाही. ती डाउनलोड फोल्डरमधून आपल्या हातानं काढा, आणि रिसायकल बिनमधूनही.