स्टिअरिंगचा ढिलेपणा: दोष रॅकच्या क्लॅम्पमध्ये निघाला

क्लासिक धाटणीची, रॅक-पिनियनची (स्टिअरिंगने फिरणारा दातेरी गिअर म्हणजे पिनियन, तो आडवी सरकवतो ती दातेरी पट्टी म्हणजे रॅक) स्पोर्ट्‌स कार. स्टिअरिंग दोन बोटांच्या रुंदीइतकं फिरवलं तरी चाकं ढिम्म. अलाइनमेंट केलं, टाय रॉड एंड (रॅक आणि चाकं जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे) बदलले, फरक नाही. नुसता वैताग.

दोष सापडला तो असा: चाकं जमिनीवरच ठेवा, जॅकवर भार नसल्याने हा प्ले (ढिलेपणा) लपतो. इंजिन बंद, स्टिअरिंग लॉक उघडा. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे किंचित हलवायचं, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा: कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट, त्याचा स्प्लाइनवरचा (खाचा असलेल्या शाफ्टवरचा) बोल्ट, मग रॅक. इथे अख्खा रॅकच आडवा सरकत होता. रॅक गाडीला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखालचे रबर बुश (रबरी गाद्या) चेपलेले. बुश बदलून बोल्ट आलटून-पालटून मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले, मग टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) तपासला. पिनियनजवळचा, रॅक-पिनियनमधली फट कमी करणारा अ‍ॅडजस्टर मात्र उगाच आवळू नका; चाकं सरळ असताना घट्ट वाटतं, पण पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकतं.