घट्ट बसलेला ऑइल फिल्टर काढताना

फिल्टर हाताने हलत नसेल तर आधी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. कोमट झालं की रबराची रिंग थोडी सैल पडते. फार तापवू नका, गरम ऑइल हातावर येतं.

जागा मोकळी असेल तर कप पाना सगळ्यात बरा. तो टोपीसारखा फिल्टरच्या बुडावर बसतो आणि मागे रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने जोर देणारा दांडा, लागतं. पण व्यास आणि कडेच्या पैलूंची संख्या, दोन्ही तंतोतंत जुळायला हवं. एक मिलिमीटर सैल असला तरी पैलू झिजतात आणि पाना नुसता गरगरतो. माप जुळत नसेल तर तीन नख्यांचा पाना घ्या, जोर वाढेल तशी त्याची पकड आवळत जाते. पट्ट्याचा पाना असेल तर तो इंजिनाच्या बाजूला, फिल्टरच्या बुंध्याशी लावा. तिथे पत्रा मजबूत असतो. मध्यावर लावला की डबा चेपतो. तेलकट पत्र्यावर पट्टा घसरतो, म्हणून आधी फडक्याने पुसा आणि मध्ये पॉलिश पेपरचा तुकडा ठेवा.

फिल्टरच्या बुडाकडून पाहताना घड्याळाच्या उलट फिरवायचं. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकायची युक्ती मला पटत नाही, पत्रा फाटतो आणि बुंधा तसाच राहतो.

निघाल्यावर जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघाच. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल धो धो गळतं. नव्या रिंगेला ऑइल लावा, फिल्टर हातानेच आवळा: रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर छापलं असेल तेवढा.