कॅफेत लॅपटॉप उघडण्यापूर्वी

पुण्यात कोरेगाव पार्क किंवा बाणेरच्या कॅफेत बसून काम करायचे असेल, तर एका कॉफीवर चार तास टेबल अडवू नये. जागेचे भाडे, वीज आणि कर्मचाऱ्यांचे पगार ग्राहकांच्या बिलातूनच निघत असल्याने साधारण दर दीड तासाला काहीतरी मागवणे हे माझ्या मते किमान सौजन्य आहे. एकट्याने दोघांचेच टेबल घ्यावे, आणि दुपारी १ ते ३ या वेळेत लोक जागेसाठी ताटकळत असतील, तर कोणी सांगण्याची वाट न पाहता उठावे. व्हिडिओ कॉल मात्र बाहेर जाऊनच घ्यावा, कारण इयरफोन लावल्यावर आपला आवाज नकळत चढतो. चार्जरची वायर वाटेत आडवी टाकू नये. गरम कॉफीचा ट्रे आणणारा वेटर तिच्यात अडखळू शकतो.